रिकामा ठोका

बाबा,

कॉम्प्युटर म्हणजे काय हे तुम्हाला समजावत बसले तर अर्धं पत्र त्यातच जाईल, आणि तुम्हाला लांबण लावलेलं कधीच खपत नसे. एवढंच धरून चला, की टाइपरायटरसारखी बटणं असतात, समोर एक काचेचा पडदा असतो, आणि हाताखाली साबणाच्या वडीएवढं एक यंत्र असतं. ते टेबलावर सरकवलं की पडद्यावर एक बाण सरकतो, आणि बोटानं दाबलं की बाण जिथे असेल तिथे काहीतरी घडतं. ह्या दाबण्याला क्लिक म्हणतात. तुमची लेक कॉलेजच्या ऑफिसात आयुष्यभर हेच करत आली. रिटायर झाल्यावर स्वस्थ बसावं, तर तेही जमलं नाही. आता दुपारी जेवण उरकलं की मी बुलढाण्याच्याच एका जुन्या वाचनालयात जाऊन बसते. पगार नाही, कोणी बोलावलेलंही नाही. खिडकीतून पठारावरचा वारा येतो, पेपर वाचता वाचता दोन म्हातारे डुलक्या घेतात, आणि मी पुस्तकांची नावं कॉम्प्युटरात भरते. घरात एकटीनं टीव्ही बघण्यापेक्षा हे बरं.

काम म्हणाल तर अगदी बिनडोक. कपाटातल्या पुस्तकांची नावं मी आधीच एका जागी टाइप करून ठेवली होती. तिथून एकेक उचलायचं आणि वाचनालयाच्या नव्या फॉर्ममध्ये नेऊन ठेवायचं. नाव, लेखक, विषय, कपाट, आणि शेवटी ‘जतन करा’ लिहिलेलं हिरवं बटण दाबायचं. परत पुढचं पुस्तक, परत तेच. करता करता डोळ्यांवर अशी गुंगी यायची की मधली दहा-वीस पुस्तकं मी भरली की दुसऱ्या कोणी, हेही सांगता येऊ नये. हाताला मात्र सगळं कळत होतं. मनगट धरलं, मग सुजलं, मग चहाचा कप उचलताना तोंडातून ‘आई गं’ निघायला लागलं. मी त्यावर फडकं बांधलं आणि काम चालू ठेवलं. हट्टीपणा आईकडून आलाय, असं सगळे म्हणतात. माझ्यातलं जे काही आहे ते आईकडूनच आलंय असं सगळे म्हणत आलेत, आणि आज मी तुम्हाला लिहायला बसले ती त्याच गोष्टीपायी.

दिवाळी झाल्यावर माझी लेक पुण्याहून आली. म्हणजे तुमची नात, तुम्ही न पाहिलेली. ती कॉम्प्युटरच्याच धंद्यात आहे आणि माझ्या वऱ्हाडी बोलण्याला हसते, पण फोनवर मैत्रिणींना तेच बोलून दाखवते. तिनं माझं फडकं बांधलेलं मनगट पाहिलं आणि माझ्याबरोबर वाचनालयात आली. थोडा वेळ मागे उभं राहून तिनं माझं काम बघितलं. मग कपाळावर हात मारून घेतला.

“आई, हे तू हातानं का करतेयस? हे तर मशीन करेल.”

“मशीनवरच तं करून राह्यली मी.”

“तसं नाही गं. तू एकदाच करायचं. सॉफ्टवेअर बघेल आणि पुढचं सगळं तेच करेल, तुझ्यासारखंच. तू आपली बाजूला बसून पेपर वाच.”

“अन् चुकलं म्हंजे?”

“तू चुकलीस तर चुकेल. तू करशील ते करेल.”

बाबा, हे मात्र तुम्हाला लगेच समजेल. तुम्ही कधी कोणाला शब्दांनी काही शिकवलं नाही. सायकलची चेन बसवणं असो की पतंगाला सुत्तर बांधणं, “एकडाव पाहून घे,” म्हणायचं आणि करून दाखवायचं. बघणाऱ्यानं बघितलं तर बघितलं. ह्या सॉफ्टवेअरचंही अगदी तसंच. त्याला काही समजावून सांगायचं नाही, त्याच्यासमोर फक्त एक पुस्तक नीट भरून दाखवायचं. ते आपल्या हाताकडे मुकाट बघत बसतं, बाण कुठून कुठे गेला, बोट कधी दाबलं, मधे किती थांबलं, सगळं. मी एक पुस्तक भरून दाखवलं. लेकीनं दोन बटणं दाबली आणि माझा हात माऊसवरून उचलून माझ्या मांडीवर ठेवला. “आता हात लावू नकोस,” ती म्हणाली.

आणि बाण आपला आपण निघाला. तो क्षण मी कसा सांगू तुम्हाला. माझे दोन्ही हात मांडीवर होते, मी उघड्या डोळ्यांनी बघत होते, आणि समोर माझा हात काम करत होता. बाण नावापाशी जायचा तो सरळ न जाता खालून वळसा घेऊन जायचा, अगदी मी जाते तसा. लेखकाच्या रकान्याशी जरा घुटमळायचा, कारण तिथे मी चष्मा सावरते. स्वप्नात आपण आपल्यालाच लांबून चालताना बघतो, तसं काहीसं. जिथे जिथे क्लिक होई तिथे पडद्यावर एक पिवळं कडं उमटायचं आणि विरून जायचं. दुपारच्या उन्हात धूळ तरंगत होती, म्हातारे झोपले होते, आणि कडं उमटत होतं, विरत होतं. दोन-चार पुस्तकं अशी होऊन गेली. तेवढ्यात लेक म्हणाली, “आई, हे काय आहे?”

हिरव्या बटणाच्या अलीकडे फॉर्मचा कोरा समास आहे. तिथे काही लिहिलेलं नाही, काही दाबायला नाही. पण प्रत्येक पुस्तकाला ‘जतन करा’ दाबण्याआधी बाण तिथे थांबत होता, एक पिवळं कडं कोऱ्या जागेत उमटत होतं, मग जरासा खंड, आणि मग बटणावरची खरी क्लिक.

“इथे काय दाबतेस तू?”

“मी काईच नाई दाबत तिथं.”

“अगं, दिसतंय की. तू केलंस म्हणूनच ते करतंय.”

मी तिला सांगितलं, तुझं सॉफ्टवेअर खुळं आहे. तिनं सगळं पुसून मला परत एक पुस्तक भरायला लावलं. मी मुद्दाम लक्ष देऊन, बोट आवरून भरलं. पुन्हा चालवलं, तर कडं आहेच. तिसऱ्यांदा तिनं युक्ती केली. मी भरत असताना तिनं मला शेजारणीच्या सुनेबद्दल काहीतरी विचारलं, मी तावातावानं बोलत राहिले आणि हात आपलं काम करत राहिला. या वेळी तिनं सॉफ्टवेअरचा आवाजही चालू ठेवला होता, कोऱ्या जागेवरच्या क्लिकला एक आणि बटणावरच्या क्लिकला दुसरा. सॉफ्टवेअर चालू झालं, क्लिकचा आवाज बारीक यायला लागला. कोऱ्या समासात हलकेच ‘टिक्’. मग थोडी वाट. मग बटणावर ‘ठप्’.

टिक्, आणि ठप्. बाबा, मी तो आवाज ओळखला. पडद्याकडे न बघता ओळखला. मी उठले आणि पाणी प्यायच्या निमित्तानं माठाकडे गेले, कारण लेकीसमोर रडायची मला सवय नाही.

तुमचं काम काय होतं हे आता कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. महाराष्ट्र नवा नवा झाला होता. शेर आणि पायली जाऊन किलो आला होता, आणि गावोगावच्या दुकानदारांची, माळणींची वजनं तपासून त्यांच्यावर सरकारी ठसा मारायचा असे. साहेब काट्यावर वजन बघत. बरोबर निघालं की ते तुमच्याकडे सरकवत. लोखंडी वजनाच्या खाली एक खोबण असते, तिच्यात शिसं भरलेलं असतं. ज्याचं वजन त्यानं ते लाकडी ठोकळ्यावर उलटं धरायचं, तुम्ही शिशावर पोलादी ठसा टेकवायचा आणि वरून हातोडी मारायची. झालं. पुढचं वजन. सकाळपासून बाजार उठेपर्यंत तुम्ही तेच करत होता, आणि घरी आल्यावर जेवताना तुमचा उजवा हात कधीकधी घास घेऊन मधेच थांबायचा. आई म्हणायची, “हात अजून बाजारातून यायचाच हाय.”

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही मला बरोबर नेता. एसटी राजूरचा घाट उतरते आहे, मी खिडकीत आहे, तुमच्या पायाशी वजनांची जड पेटी आहे आणि वळणावर ती सरकू नये म्हणून तुम्ही तिला पायानं दाबून धरलंय. रोहिणखेडचा बाजार. जुन्या मशिदीच्या बाजूनं निंबाखाली तुमचं टेबल मांडलेलं, आणि लोक वजनं घेऊन रांगेत बसलेले. वजनं धुऊनपुसून आणलेली आहेत. एकीनं तर वजनाला हळदीकुंकू लावलंय आणि साहेब तिच्यावर खेकसतायत, की हे पुसून आण, काट्यावर चालत नाही. मी तुमच्या मागे पोत्यावर बसून बघते. वजन ठोकळ्यावर येतं. तुम्ही ठसा टेकवता. हातोडी उचलून आधी ठोकळ्याच्या कडेवर एक हलका ठोका देता, टिक्. मग थांबता. तेवढ्यात समोरची बाई हात पुढे करून वजनाला लावते, कपाळाला लावते, आणि पुन्हा वजन धरते. मग तुम्ही मारता, ठप्. तिच्या मागचा किराणावाला आपल्या पाळीला ओठातल्या ओठात बिस्मिल्ला म्हणतो. तुम्ही त्याचंही होऊ देता. मागून साहेब सारखे म्हणतायत, “हात उचला, हात उचला, अजून मोताळ्याच्या बाजाराचं काम पडलंय.” तुम्ही “हाव साहेब,” म्हणता आणि पुढच्या वजनाला पुन्हा तसेच थांबता.

दुपारी साहेब जेवायला गेले, आणि तुम्ही फडक्यातली भाकरी सोडली. मला शिशाचा एक बिनकामाचा गोळा पडलेला दिसला. मी म्हटलं, “बाबा, मी मारू का?” तुम्ही ठसा दिला नाहीत, एक जुना खिळा दिलात. मी तो शिशावर धरला आणि दिली हातोडी जोरात. तुम्ही माझं मनगट धरलंत. इतकं घट्ट की मला वाटलं आता मार बसतो.

“पयले सांगा लागते,” तुम्ही म्हणालात.

“कोणाले सांगू? इथं तं कोणीच नाई.”

“कोणी असो का नसो. हाताले सवय लागली पाह्यजे.”

मला तुम्ही एवढंच रागावलात. नंतर रागावल्याचं आठवत नाही. मग तुम्ही माझ्या हातावर आपला हात ठेवून एकदा करून दाखवलंत, कडेला टिक्, जरा वाट, शिशावर ठप्, आणि तो गोळा मला देऊन टाकलात. ती अख्खी सुट्टी मी पायरीवर बसून त्या गोळ्यावर खिळा ठोकत होते. शेजारची मुलं माझ्यासमोर वजनं म्हणून दगड घेऊन रांगेत बसायची, आणि मी सगळ्यांना पाया पडायला वेळ द्यायचे. आता लोक म्हणतात शिसं मुलांच्या हातात देऊ नये, विषारी असतं. तुम्हाला कुठे माहीत होतं. माझं तरी काही बिघडलेलं नाही. गोळा पुढे कधी हरवला, मला सांगता येणार नाही.

तो रिकामा ठोका तुमच्या हाताला लागला कसा, ते मात्र तुमच्याकडून कधी कळलं नाही. ते आईनं सांगितलं, तुम्ही गेल्यावर पुष्कळ वर्षांनी. मी कॉलेजात होते, ती चुलीपुढे बसून वांगं भाजत होती, आणि भाजत्या वांग्याकडे बघतच तिनं बोलायला सुरुवात केली. “पयल्या साली असं नव्हतं. सरळ मारत होते. मंग ते वांगेवाली झाली ना.” वांगी विकणारी एक म्हातारी होती. तिनं वजन ठोकळ्यावर धरलं. तुम्ही हातोडी उचललीत आणि तिच्या मनात आलं, दिवाळीला आपण ज्याची पूजा करतो त्या वजनावर आता घाव बसणार, आधी पाया पडावं. तिनं हात पुढे केला आणि वरून हातोडी आली. अंगठ्याचं नख गेलं. रक्त पाहून तुम्ही ठसा फेकून दिलात, आणि ती म्हातारी तुमचीच समजूत घालत होती. “माहीच चूक हाय बाबूजी, मी उशिरा पाया पडली.” तुम्ही घरी येऊन जेवला नाहीत. आई म्हणाली, “मले म्हने, ते पाया पडत होती वं, अन् मी घाई केली.” त्यानंतर तुम्ही कधी कोणाच्या वजनावर रिकाम्या ठोक्याशिवाय हातोडी उचलली नाहीत. पुढच्या बाजारापासून ती म्हातारी तुमच्या पेटीवर दर वेळी चार वांगी ठेवून जायची आणि तुम्ही ती परत करायला तिच्यामागे धावायचात. आई हे सांगताना हसत होती. वांगं करपलं ते दोघींच्याही लक्षात आलं नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी जळगाव जामोदला मामाकडे होते. निरोप आला, मामा मला घेऊन एसटीत बसला, आणि सगळ्या वाटेत मला वाटत होतं की तुम्ही आजारी आहात. आम्ही पोचलो तेव्हा अंगण धुऊन झालं होतं. कोणाचं काही चुकलं नव्हतं. उन्हाळ्याचे दिवस होते, लोक किती थांबणार. आई भिंतीला टेकून बसली होती, आणि आत्यानं मला जवळ घेऊन माझा चेहरा दोन्ही हातांत धरून निरखून पाहिला. मला वाटलं ती आता काहीतरी मायेचं बोलेल. ती म्हणाली, “पूरी मायवर गेली वं तू. माह्या भावाचं काईच नाई उतरलं तुह्यात.” ती दुःखानंच म्हणाली, मला माहीत आहे. पण बाबा, ते वाक्य माझ्या अंगात रुतून बसलं. मी आरशासमोर उभी राहून तुमचं नाक शोधलं, कान शोधले, तुमचे भरदार पंजे शोधले. ऑफिसच्या एका फोटोत तुम्ही मागच्या रांगेत आहात आणि टोपीची सावली नेमकी तोंडावर आहे. आवाज तर कधीच विरून गेला. माझं लग्न झालं, लेक झाली, लेकीत तरी तुमचं काही येईल म्हणून मी पाळण्यात वाकून बघत राहिले. ती तिच्या बापावर गेली. मग मी ते शोधणं सोडून दिलं. तुम्ही येऊन गेलात आणि माझ्यात काही ठेवलं नाहीत, असं मी धरून चालले होते.

आणि आता ह्या वयात, पुण्याच्या पोरीनं आणलेल्या एका सॉफ्टवेअरनं मला माझा हात दाखवला, तर त्यात तुम्ही. म्हणजे कॉलेजच्या ऑफिसातही मी हे करत असणार, कॉम्प्युटर आल्यापासून रोज, प्रत्येक कागदाला. आणि त्याआधी शिक्के मारत होते तेव्हा टेबलाच्या कडेवरही करत असणार. तेव्हा ऑफिसात असलेल्या एक बाई मला म्हणायच्या, “तुमचा शिक्का पडायच्या आधीच आम्हाला कळतं.” मी ते कौतुक समजत होते.

मी पाणी पिऊन परत आले तेव्हा लेकीनं पायऱ्यांची यादी उघडून ठेवली होती. हे सॉफ्टवेअर आपण जे जे केलं ते एकाखाली एक लिहून दाखवतं, आणि त्यातलं नको ते काढताही येतं. तिचं बोट बरोबर त्या ओळीवर होतं. “ही क्लिक काढून टाकते. आणि हा मधला थांबाही. उगाच प्रत्येक पुस्तकामागे वेळ जातोय.”

“राहू दे,” मी म्हणाले.

“अगं, तिचा काही उपयोग नाहीये.”

“हाय. तिथं दाबल्याबिगर ते पान जागं होत नाई. मंग जतन नाई होत.”

मला तोवर माहीत नव्हतं की मी इतकं सराईत खोटं बोलू शकते. तिनं लगेच ती ओळ बंद करून चालवून दाखवलं. पुस्तक व्यवस्थित जतन झालं. “बघ, होतंय की.”

“आज होते. रोज नाई होत.”

तिला हे काम माझ्यापेक्षा शंभरपट कळतं. मी पदरानं चष्मा पुसत राहिले आणि वर बघितलंच नाही. शेवटी ती म्हणाली, “बरं बाई, तुझं पान तुलाच माहीत,” आणि ओळ पुन्हा चालू करून ठेवली. तिला सांगायला काय हरकत होती, असं तुम्ही म्हणाल. पण ती हसली असती तर मला सहन झालं नसतं, आणि न हसता गळ्यात पडली असती तर त्याहून नसतं झालं. दोन दिवसांनी ती पुण्याला गेली.

ती गेल्यावर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मनगट बरं होतं, म्हणून एक पुस्तक मी हातानं भरायला घेतलं. सगळं भरून झालं, बाण समासाकडे आला, आणि माझं बोट थांबलं. ते मला विचारत होतं, दाबू का? मी दाबलं. पण ते मी दाबलेलं होतं. पुढच्या पुस्तकाला विसरून जायचं ठरवलं, तर विसरताच येईना. मनात मुद्दाम दुसरं काही आणलं, पाढे म्हणून पाहिले, शेजारणीची सूनही आठवून पाहिली. कधी बोट आपण होऊन गेलंय असं वाटतं, आणि तेवढ्यात मी त्याला पकडते. जोवर मला ठाऊक नव्हतं तोवर तुम्ही माझ्या बोटात सुखानं राहत होता. मी डोकावून बघितलं आणि तुम्ही उठून गेलात. आता माझ्या हातात आहे ती तुमची नक्कल. खरा ठोका फक्त त्या दिवशी घेतलेल्या रेकॉर्डिंगमध्ये उरलाय, मी शेजारणीच्या सुनेला नावं ठेवत असताना माझ्या नकळत पडलेला. ती ओळ मी काढू दिली असती तर तुम्ही पूर्णच गेला असता.

मग मी हातानं भरायचं सोडलंच. सगळा हिवाळा दुपारी जाऊन बसले, सॉफ्टवेअर सुरू केलं आणि हात मांडीवर ठेवले. वाचनालयाचे लोक म्हणत, बाई, आता तुमचं काम मशीन करतं, मग येता कशाला. मी म्हणायचे, लक्ष ठेवावं लागतं. आणि ठेवतच होते. टिक्, मग वाट, मग ठप्. ऊन टेबलावरून सरकायचं, मला पेंग यायची, आणि पेंगेत ते टेबल निंबाखाली जायचं. मी पोत्यावर बसलेली असायचे. तुमची पाठ घामानं ओली, मानेवरचे केस नुकते कापलेले. रांग काही संपत नसे. एकामागून एक पुस्तकं उलटी होऊन ठोकळ्यावर येत, आणि तुम्ही प्रत्येकाला थांबत होता, कवितेला, कीर्तनाला, शेतकी माहितीच्या फाटक्या पुस्तकाला, कोणालाही घाई नाही. एवढ्या साऱ्या दुपारी मी तुमच्याजवळ लहानपणीही बसले नव्हते.

काल शेवटचं पुस्तक झालं. सॉफ्टवेअर थांबलं आणि पडद्यावर आलं की आता करण्यासारखं काही उरलेलं नाही. आज मी तरीही गेले. भरायला काही नव्हतं, म्हणून मी कोराच फॉर्म उघडला आणि सुरू केलं. बाण नावाच्या रकान्याशी खालून वळसा घेऊन आला, लेखकाशी घुटमळला, चार ठिकाणी काहीच न ठेवता पुढे सरकला, आणि समासापाशी येऊन थांबला. टिक्. पिवळं कडं उमटलं. पुढे तो थांबा होता, तुमचा, जो लेकीनं उगाच म्हटला होता. तेवढ्यात माझा उजवा हात मांडीवरून उठला, त्या काचेला लागला आणि कपाळाला गेला. मी काही ठरवलं नव्हतं. मला पाया पडायला वेळ मिळाला, बाबा. मग ठप्.

लेकीला ह्यातलं अजून काही सांगितलेलं नाही. आणि आमच्या वाचनालयाच्या यादीत आता एक पुस्तक जास्त आहे. त्याला नाव नाही, लेखक नाही, ते कुठल्या कपाटात आहे तेही नाही. ते काढून टाकायला हवं, मला माहीत आहे. एक क्लिक लागते. ती मी आज केली नाही, आणि उद्याही करेन असं वाटत नाही.